करार, पगार आणि प्रेम : जपानी व मराठी दूरचित्रवाणी मालिकांतील नोकरदार स्त्री

१.

दूरचित्रवाणी मालिका हा कथनप्रकार तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत अद्याप संकोचानेच प्रवेश करतो आहे. मराठीत कादंबरी, नाटक आणि काही प्रमाणात चित्रपट यांची तौलनिक चर्चा झाली. मालिकेची चर्चा मात्र बहुधा अभिरुचीच्या घसरणीच्या तक्रारीपाशी थांबली. वास्तविक नोकरी करणारी स्त्री आणि तिचे प्रेम हे आशयसूत्र गेल्या तीन-चार दशकांत ज्या कथनप्रकाराने सर्वाधिक प्रेक्षकांपर्यंत नेले, तो प्रकार मालिकाच होय. जपानमध्येही हेच घडले. दोन्हीकडच्या मालिकांत नायिकेला नोकरी आहे. त्या नोकरीला कामाचे तास, पगार आणि वरिष्ठ आहेत काय, आणि प्रेमकथा सुरू झाल्यावर त्यांचे काय होते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

२.

जपानमध्ये नोकरीतील समान संधीचा कायदा १९८५ मध्ये संमत झाला व १९८६ पासून अमलात आला. एका कंपनीची कर्मचारी दुसऱ्या कंपनीत कंत्राटावर पाठवण्यास मान्यता देणारा कायदाही १९८५ चाच. एका कायद्याने स्त्रीला कायम नोकरीचे दार किलकिले केले, तर दुसऱ्याने अस्थायी नोकरीचा मार्ग रुंद केला. पुढील तीस वर्षांतल्या जपानी मालिकांची नायिका या दोन दारांमध्ये उभी आहे, असे म्हणता येईल.

फुजी वाहिनीवर १९९१ च्या जानेवारी ते मार्च या काळात दर सोमवारी रात्री प्रक्षेपित झालेली ‘टोकियो लव्ह स्टोरी’ ही साइमोन फुमी यांच्या चित्रकथेवर आधारलेली अकरा भागांची मालिका पहिल्या दाराची कथा सांगते. साकामोतो युजी यांनी लिहिलेल्या या मालिकेतील अकाना रिका परदेशात वाढलेली आणि मनातले उघड बोलणारी आहे. एहिमेहून टोकियोला आलेल्या नागाओ कांजीवरील प्रेम ती स्वतः व्यक्त करते. कांजी अखेर बालवाडीत शिकवणाऱ्या, मृदू स्वभावाच्या सातोमीची निवड करतो. रिकाला नोकरी देणारा समाज तिच्या प्रेमातील पुढाकाराला जागा देत नाही, असा याचा अर्थ लावता येतो. तरीही शेवटच्या भागात काही वर्षांनी भेटलेली रिका खचलेली नाही. मालिका तिला शिक्षा करीत नाही आणि तिचे लग्नही लावून देत नाही.

निप्पॉन वाहिनीवरील ‘हाकेन नो हिनकाकु’ (२००७) ही नाकाझोनो मिहो यांनी लिहिलेली मालिका दुसऱ्या दाराची आहे. शिनोहारा र्‍योको यांनी साकारलेली ओमाए हारुको ही कंत्राटी कर्मचारी. ती तीन महिन्यांसाठी येते, जादा वेळ थांबत नाही, कार्यालयीन आपलेपणाचा मोह टाळते आणि मुदत संपताच निघून जाते. तिच्या अलिप्ततेमागे पूर्वीच्या नोकरीतून काढले गेल्याचा अनुभव आहे. कायम नोकरदार पुरुष सहकारी तिच्याकडे ओढला जातो. परंतु ती प्रेमासाठी घड्याळाकडे दुर्लक्ष करीत नाही. येथे कामाची वेळ हे कथेचे नेपथ्य न राहता कथेचा नियम झाले आहे.

३.

मराठीतील परंपरा वेगळ्या दिशेने येते. मिळवत्या मुलीचा प्रश्न मराठी साहित्याने मालिकेच्या फार आधी हाताळला. विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या संग्रहातील ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचे शीर्षकच मिळवत्या लेकीची कोंडी सांगते. तिच्या कमाईवर माहेर चालते, म्हणून तिचा स्वतःचा संसार लांबणीवर पडतो. या कथेत पगार ही गोष्ट प्रेमाच्या आड प्रत्यक्ष उभी आहे.

दूरचित्रवाणीवर हा धागा काही काळ टिकला. मराठीतील पहिली दैनंदिन मालिका म्हणून ओळखली जाणारी मुंबई दूरदर्शनची ‘दामिनी’ पत्रकार स्त्रीची होती, आणि तिचे कथानक बातमीच्या मागावर पुढे सरकत असे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या अल्फा टीव्ही मराठीवरील ‘आभाळमाया’तील सुधा जोशी प्राध्यापक. नवऱ्याच्या विवाहबाह्य संबंधाला सामोरे जाताना तिचा आधार तिचा पेशा आणि त्यातून आलेला आत्मसन्मान हाच आहे. तथापि ‘दामिनी’त बातमीने कथानक चालवले, ‘आभाळमाया’त महाविद्यालय नायिकेला बळ देते, पण कथानक घरातून चालते. पुढच्या दशकात हा कल दृढ झाला. ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३–२०१६) मधील जान्हवी बँकेत नोकरी करते. मात्र मालिकेचे नावच सांगते की तिची खरी नेमणूक कोठे व्हायची आहे.

याच मालिकेतील गोखले कुटुंबाचा ‘गृहउद्योग’ अधिक विचार करण्याजोगा आहे. स्वयंपाकघरातील श्रमाचे उद्योगात रूपांतर झालेले आहे, पण त्याची मालकी कुटुंबाची. प्रत्यक्षात महाराष्ट्रात याहून वेगळा नमुना उपलब्ध होता. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या लिज्जत पापडच्या संस्थेत काम करणाऱ्या भगिनी याच मालक मानल्या गेल्या. मालिकेने गृहउद्योगाचा गोडवा घेतला. लाटणाऱ्या हाताचा हिशेब मात्र तिने मांडला नाही.

४.

दोन परंपरांतील भेद सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो करारविवाहाच्या कथेत. झी मराठीवरील सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ ही मालिका २०१२ मध्ये आली. उमिनो त्सुनामी यांची ‘निगेरु वा हाजी दा गा याकु नि तात्सु’ ही चित्रकथाही २०१२ मध्येच नियतकालिकात सुरू झाली. तिच्यावरून नोगी आकिको यांनी लिहिलेली अकरा भागांची मालिका टीबीएस वाहिनीने २०१६ मध्ये दाखवली. येथे प्रभावाचा प्रश्न उद्भवत नाही. एकच कथाकल्पना दोन समाजांत स्वतंत्रपणे उगवली, म्हणूनच ही तुलना फलदायी ठरते.

मराठी मालिकेत मुक्ता बर्वे यांची राधा आणि स्वप्नील जोशी यांचा घनश्याम हे दोघेही कमावते आहेत. घनाला परदेशी जायचे आहे. राधाला वडिलांना एकटे सोडून लग्न करायचे नाही. घरच्यांचा आग्रह चुकवण्यासाठी ते मुदतीचे लग्न ठरवतात. राधाची अडचण म्हणजे विभावरींच्या नायिकेच्या कोंडीचे दूरचे रूप होय. फरक असा की १९३३ मध्ये माहेर मुलीच्या पगाराला बांधलेले होते, २०१२ मध्ये ते तिच्या मायेला बांधलेले आहे. पगार कथेतून अलगद निघून गेला आहे. करारातही पैशाचे वा कामाचे कलम नाही. मुदत आणि गुप्तता एवढेच त्याचे विषय आहेत. साहजिकच प्रेम जमताच करार निरुपयोगी ठरतो. काळ्यांच्या एकत्र कुटुंबातील माणसे, त्यांचे स्वभाव, जेवणाच्या टेबलावरचा विनोद यांत या मालिकेची खरी श्रीमंती आहे. नायिकेला सोशिक न करता ती बरोबरीची, खेळकर जोडी उभी करते, हे तिचे यश त्या काळाच्या मानाने मोठे होते. परंतु लग्नानंतर घरातले काम कोणी व किती करायचे, हा प्रश्न करारात कधीच नव्हता, म्हणून प्रेमानंतरही तो उपस्थित होत नाही.

जपानी मालिकेत आरंभच कामापासून होतो. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या मोरियामा मिकुरीची कंत्राटी नोकरी जाते. ती संगणक अभियंता त्सुझाकी हिरामासा याच्याकडे घरकामाला लागते. पुढे दोघे कागदोपत्री नोंद न करता लग्न झाल्याचे जाहीर करतात. प्रत्यक्षात तो मालक आणि ती पगारी कर्मचारी. घरकामाचे तास मोजले जातात, मोबदला ठरतो, सुटी ठरते. प्रेम जमल्यावर मालिका खऱ्या अर्थाने अडचणीत येते, आणि ही अडचण ती टाळत नाही. दहाव्या भागात नोकरी गमावण्याच्या बेतात असलेला हिरामासा लग्नाची मागणी घालतो. लग्न केल्यास पगार द्यावा लागणार नाही, म्हणजे बचत होईल, असा हिशेबही तो मांडतो. प्रेमाच्या नावाने फुकट श्रम घेणे म्हणजे प्रेमाचे शोषण, अशी मिकुरीची हरकत आहे. शेवटच्या भागात दोघे घराचे सहव्यवस्थापक होतात, कामांची वाटणी करतात, ती वाटणी मोडते, पुन्हा बैठक होते. मराठी मालिकेत प्रेमाने करार विरघळतो. जपानी मालिकेत प्रेमामुळे करार नव्याने लिहावा लागतो.

हा प्रश्न भारतीय समाजाला परका नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, तेव्हा दुसऱ्याच्या घरातले काम हे काम आहे, हे शासनाने मान्य केले. स्वतःच्या घरात गृहिणी करीत असलेल्या कामाचे मोल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये अधोरेखित केले. दोन्ही वेळी प्रकरण रस्ते अपघातातील नुकसानभरपाईचे होते. गृहिणीच्या श्रमाची किंमत तिच्या मृत्यूनंतर न्यायालयात काढली जाते. जिवंतपणी ती काढण्याचे कथात्मक धाडस मराठी मालिकेने केलेले नाही.

५.

या भेदाचे कारण काय? एक सोपे उत्तर लांबीचे आहे. जपानी मालिका आठवड्याला एक याप्रमाणे दहा-अकरा भागांत संपते. मराठी मालिका रोज दिसते आणि शेकडो भाग चालते. इतक्या भागांना पुरेल एवढा संघर्ष घरातूनच मिळतो, असे म्हटले जाते. परंतु ‘ओशिन’ (१९८३–८४) या उत्तराला छेद देते. हाशिदा सुगाको यांनी लिहिलेली ही एनएचकेची मालिका २९७ भागांची होती, आणि तिची नायिका बालपणीच्या चाकरीपासून केशरचना, मासेविक्री ते दुकानांच्या मालकीपर्यंत अखंड काम करते. तेव्हा दैनंदिन प्रक्षेपण किंवा भागसंख्या हे कारण पुरेसे नाही. फरक आहे तो शेवट आधी ठरलेला असण्याचा. भागांची संख्या निश्चित असली की लेखकाला नायिकेच्या आयुष्याला दिशा देता येते. नोकरी मिळणे, जाणे, बदलणे या घटनांना परिणाम असतो. प्रेक्षकसंख्येनुसार लांबणाऱ्या मालिकेत पात्राने बदलणे धोक्याचे ठरते. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ वर्षभराच्या आत संपली आणि तिची बांधणी एकजीव राहिली, हे या विधानाला पूरकच आहे.

६.

तथापि जपानी मालिकांना आदर्श ठरवून मराठी मालिकांना उणे लेखणे, ही तुलनेची सोपी पण दिशाभूल करणारी वाट होईल. दोन्ही परंपरांतील ‘नोकरदार स्त्री’ मध्यमवर्गीय आहे. भिलाईसारख्या ठिकाणाहून पाहिले असता ही मर्यादा ठळक होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, लिज्जतच्या स्थापनेच्या जेमतेम सहा आठवडे आधी, भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १९५६ पर्यंत नागपूर ही या प्रदेशाचीही राजधानी होती. त्यामुळे येथील मराठी वस्ती केवळ कारखान्याबरोबर आलेली नाही. उपग्रह वाहिन्यांनंतर मराठी मालिका येथेही पोहोचल्या, आणि मराठी शाळेपासून दूर वाढलेल्या पिढीला मुंबई-पुण्याची बोली व तिथली नोकरदार नायिका एकाच पडद्यावर भेटली.

मात्र या शहरातील काम करणाऱ्या स्त्रीचे सर्वांत दृश्य रूप म्हणजे बांधकामावर डोक्यावरून वीट-सिमेंट वाहणारी रेजा होय. भिलाईचा दीर्घकाळ अभ्यास केलेले मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांच्या लेखनातून दोन निरीक्षणे हाती येतात. कायम नोकरी असलेल्या कामगाराच्या घरातील स्त्री मजुरीपासून दूर होते, आणि कंत्राटी मजुराच्या घरातील स्त्री रेजा म्हणून राबते. तिच्या कामाला अब्रूच्या शंकेची झालरही चिकटते. दुसरे असे की कायम कामगारांच्या घरांत पतिपत्नीच्या भावनिक जवळिकीला नवे महत्त्व येते, आणि छत्तीसगढी समाजात पूर्वी सहज मान्य असलेली फारकत व चूडीचा दुसरा विवाह हीनपणाचा मानला जाऊ लागतो. म्हणजे पगाराची सुरक्षितता, स्त्रीचे घरात असणे आणि दांपत्यप्रेमाचा आदर्श ही तिन्ही एकाच वेळी घडतात. मालिकांतील प्रेमकथा ज्या घरासाठी लिहिली जाते, ते घर असे तयार झालेले आहे. रेजेच्या आयुष्यातही प्रेम आहे, दुसऱ्या लग्नाची गोष्टही आहे. पण तिच्यापाशी ना हारुकोचे घड्याळ आहे, ना मिकुरीचा करार.

७.

या विवेचनातून समीक्षेसाठी एक निकष सुचवता येतो. नायिकेला नोकरी आहे की नाही, ही नोंद अपुरी आहे. तिच्या नोकरीतील बदलाने कथानकाची दिशा बदलते काय, हे तपासले पाहिजे. या निकषावर ‘दामिनी’ आणि ‘ओशिन’ जवळ येतात, तर ‘टोकियो लव्ह स्टोरी’ आणि ‘आभाळमाया’ यांच्यात, संस्कृती भिन्न असूनही, पेशा आणि प्रेम यांच्या फारकतीचे साम्य आढळते. अशा रीतीने देशवार गटवारीऐवजी श्रम आणि कथन यांच्या संबंधावर आधारलेली गटवारी शक्य होते. विभावरी शिरूरकरांनी विचारलेला पगाराचा प्रश्न मराठी मालिकेने मागे टाकला, तरी मराठी कथनपरंपरेतून तो नाहीसा झालेला नाही. तो पुन्हा विचारण्यासाठी मालिकाकारांना जपानपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. आपल्याच भाषेतील १९३३ च्या त्या संग्रहापर्यंत आणि आपल्याच गावातील बांधकामापर्यंत गेले तरी पुरेसे आहे.