अनुमस्तिष्काचे कार्य : ‘तोल’ या संज्ञेची चिकित्सा

अनुमस्तिष्क हे शरीराचा तोल सांभाळणारे व ऐच्छिक हालचालींत सुसूत्रता आणणारे इंद्रिय होय, हे विधान शालेय क्रमिक पुस्तकांपासून पदव्युत्तर उत्तरपत्रिकांपर्यंत अव्याहत चालत आलेले आहे. ते असत्य नाही. परंतु त्यात कार्याचे नव्हे, तर कार्याच्या फलाचे वर्णन आहे. घड्याळ काय करते, या प्रश्नास ‘माणसाला वेळेवर पोहोचविते’ असे उत्तर द्यावे, तशातलाच हा प्रकार. अनुमस्तिष्क काढून टाकल्यास हालचाल नाहीशी होत नाही, विस्कळीत होते, हे फ्लूरांस यांनी १८२४ मध्ये दाखविले. पुढे पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना तपासून गॉर्डन होम्स यांनी त्या विस्कळीतपणाचे सूक्ष्म वर्णन केले. ‘सुसूत्रता’ हा शब्द या निरीक्षणांचा सारांश आहे. स्पष्टीकरण अद्याप द्यावयाचेच राहते.

हे स्पष्टीकरण कोठे शोधावे, याचा मार्ग अगदी साध्या श्रमातही दिसतो. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद ही लाल मिरचीची प्रसिद्ध बाजारपेठ. वाळलेल्या मिरचीचे पोते आकाराने फुगलेले, पण वजनाने हलके असते. ज्वारीची पोती उचलण्याची सवय असलेला नवखा हमाल ते प्रथम उचलू लागला, तर पोते अपेक्षेपेक्षा झटकन वर येते व त्याचा स्वतःचा तोल मागे जातो. दोन-चार खेपांनंतर मात्र हात, पाठ व पाय यांचा जोर आपोआप बेताचा होतो. येथे तोल गेला तो स्नायूंच्या दुर्बलतेमुळे नव्हे, तर भाकीत चुकल्यामुळे. किती जोर लावावयाचा, हे पोत्याचे वजन हाताला कळण्यापूर्वीच ठरलेले होते. स्नायू व त्वचा यांच्याकडील वार्ता मेंदूत पोहोचून तिच्यावर कारवाई होण्यास काही दशांश सेकंद जाऊ शकतात. तेवढ्यात चूक घडून गेलेली असते. म्हणून जोराचा अंदाज आधी बांधावा लागतो आणि प्रत्यक्ष संवेदना आली, की तिच्याशी तो ताडून पाहावा लागतो. अनुमस्तिष्काच्या रुग्णांमध्ये वस्तू उचलताना पकडीचा जोर अवाजवी असतो आणि त्याची वेळही चुकते, ही गोष्ट याच दृष्टीने अर्थपूर्ण ठरते.

अनुमस्तिष्काची रचना या कामास अनुकूल आहे. प्रमस्तिष्काने दिलेल्या आज्ञेची प्रत पॉन्समार्गे तेथे येते. सांधे व स्नायू यांच्याकडील संवेदना मेरुरज्जूतून येते. या दोन प्रवाहांचा संगम कोठे होतो, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. उंदरांवरील संशोधनातून २०१३ मध्ये असे दिसून आले, की काही कणपेशींवर पॉन्सकडून आलेले आणि शरीरसंवेदना आणणारे तंतू एकत्र येऊन मिळतात. सरासरी चारच शाखा असलेली एवढीशी पेशी! मानवी मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळजवळ ६९ अब्ज अनुमस्तिष्कात आहेत व त्यांतील बहुतेक कणपेशीच होत.

कणपेशींचे समांतर तंतू पर्किंजे पेशींवर लाखाच्या घरात संधी करतात. उलट प्रत्येक पर्किंजे पेशीला आरोही तंतू एकच मिळतो. या विलक्षण विषमतेवर डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये व जेम्स ऑल्बस यांनी १९७१ मध्ये आपले सिद्धान्त उभारले. आरोही तंतू हा शिक्षक असून तो पर्किंजे पेशीला धडा देतो, असे त्यांचे प्रतिपादन. धडा मिळताच समांतर तंतूंच्या संधी बळावतात, असे मार यांनी मानले; त्या क्षीण होतात, असे ऑल्बस यांनी. १९८२ मध्ये मासाओ इतो व त्यांच्या सहकाऱ्यांना प्रयोगात क्षीणताच आढळली. सिद्धान्त इतका देखणा की त्याला पुराव्यापेक्षा अधिक मान मिळाला, असे म्हणणे प्राप्त आहे. २०११ मध्ये ही क्षीणता घडूच न शकणाऱ्या उंदरांनीही हालचालींचे धडे नीट गिरविले. यावरून सिद्धान्त खोटा ठरत नाही. परंतु शिकण्याचे स्थान एकच आहे, हा आग्रह मात्र सोडावा लागतो.

महाराष्ट्रापुरता विचार करता या चर्चेत सर्वाधिक मोलाचा पुरावा प्रयोगशाळेतून नव्हे, तर रुग्णशय्येपाशी मिळाला. डॉ. नोशीर वाडिया व स्वामी यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ भारतीय कुटुंबांतील आनुवंशिक अटॅक्सियाचे वर्णन प्रसिद्ध केले. या रुग्णांची चाल झोकांड्या खाणारी होतीच. परंतु एका वस्तूवरून दुसरीवर नजर नेताना होणारी डोळ्यांची झेपही विलक्षण मंद होती. या विकाराच्या एका प्रकाराचे जनुक १९९६ मध्ये बाराव्या गुणसूत्रावर निश्चित झाले. १९९८ मध्ये वाडिया व सहकाऱ्यांनी याच प्रकाराच्या सहा भारतीय घराण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि मंद झेपेचे निदानातील महत्त्व दाखवून दिले.

या निरीक्षणाचा अर्थ लावताना मात्र वारंवार घाई होते. रोगास अनुमस्तिष्काचे नाव आहे, तेव्हा मंदपणाही अनुमस्तिष्काचाच, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः झेपेचा वेग पॉन्समधील चेतापेशी ठरवितात व या रोगात त्याही झिजतात. केवळ अनुमस्तिष्क दुखावले असता झेप बहुधा वेगात कमी पडत नाही. ती लक्ष्याच्या अलीकडे थांबते किंवा पलीकडे जाते. ऑप्टिकन व रॉबिन्सन यांनी १९८० मध्ये माकडांच्या एका डोळ्याचे स्नायू दुर्बल केले, तेव्हा त्यांचा मेंदू काही दिवसांत झेप सुधारून घेई. अनुमस्तिष्क काढून टाकल्यावर ही सुधारणा अशक्य झाली. झेप घालण्याची शक्ती उरली, चुकीपासून शिकण्याची गेली.

मंद झेपेच्या रुग्णांनी आणखी एक गोष्ट उघड केली. निरोगी झेप इतकी क्षणिक असते, की ती बाणासारखी एकदा सुटली म्हणजे वळविता येत नाही, असे पूर्वी समजत. १९७६ मध्ये डेव्हिड झी व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांमध्ये झेप चालू असतानाच लक्ष्य हलविले आणि ती वाटेतच वळू शकते, असे दाखविले. अर्थात डोळा या क्षणी कोठे असावा याचा अंतर्गत अंदाज मेंदू सतत बाळगतो व त्यावरून आज्ञा बदलतो. रोगाने हालचाल संथ केली म्हणूनच हा अंदाज दृष्टीस पडला.

असे असता अध्यापनात ‘अनुमस्तिष्कीय लक्षणे’ या एकाच मथळ्याखाली मंदपणा व अचूकतेचा अभाव एकत्र मांडणे समर्थनीय नाही. तपासणीस फारशी साधने लागत नाहीत. रुग्णासमोर दोन बोटे अंतरावर धरून एकावरून दुसऱ्यावर नजर न्यावयास सांगावे आणि नजर किती वेगाने गेली व नेमकी कोठे थांबली, या दोन गोष्टी टिपणवहीत स्वतंत्र रकान्यांत नोंदवाव्यात.