अट कायद्यात, पैसा जीआरमध्ये

१९७७चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आणि त्याखालची १९८१ची नियमावली आपण समोर ठेवू. शिक्षकाची पात्रता काय, प्रशिक्षण कोणतं, वेतनश्रेणी कोणती, सगळं तिथं लिहिलेलं आहे. विनाअनुदानित शाळाही त्यातून सुटत नाही. पण तो पगार द्यायचा कुठून? अनुदान चालतं शासन निर्णयावर. ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ शब्द २००९ साली निघाला. वीस टक्क्यांचा टप्पा आला २०१६मध्ये. मधली सात वर्षं शिक्षक शिकवायला पात्र होता, सरकारी पगाराला नव्हता. आमचा आक्षेप पात्रतेला नाही, टीईटी असावीच. पण अट घालणाऱ्या कायद्यानंच पैशाची तारीखही लिहावी, एवढंच आमचं म्हणणं.