हुकमत कोणाची?

पीटर स्ट्रिकलंडच्या ‘द ड्यूक ऑफ बर्गंडी’मध्ये (२०१४) मालकीण सिंथिया उशिरा आलेल्या मोलकरणीला फैलावर घेते. पुढे तोच प्रसंग पुन्हा येतो आणि उलगडा होतो, की सिंथियाचं वाक्यन् वाक्य एव्हलिनने, म्हणजे त्या ‘मोलकरणी’नेच, कार्डावर लिहून दिलंय. हुकूम सोडणारीची पाठ धरलीय. तिला कॉर्सेट काढून ढगळ पायजम्यात झोपायचंय. बीडीएसएम, म्हणजे परस्परसंमतीने रंगणारा बंधन-हुकमतीचा खेळ, पडद्यावर आला की त्यातल्या दुष्ट पात्राची भुरळ का पडते, हे या चित्रपटाइतकं नेमकं फार थोड्यांना कळलंय. इथे जुलमी माणूस बळीनेच नेमलेला असतो.

या मामल्याला जुनी वंशावळ आहे. लेखक लिओपोल्ड फॉन झाखर-मासोखने १८६९मध्ये फॅनी पिस्टरशी सहा महिन्यांच्या गुलामीचा लेखी करार केला. तिने जमेल तेव्हा, विशेषतः क्रूर होताना, फरचा कोट घालावा अशी त्यात अट होती. पोशाख ठरवणारा गुलाम! पुढच्याच वर्षी त्याची ‘व्हीनस इन फर्स’ आली.

आपल्याकडे निळू फुले गावात गेले की बायका त्यांना शिव्या घालत, कारण नट विसरून पडद्यावरचा दुष्ट पाटीलच डोळ्यांपुढे राहायचा. या खेळात नेमकं उलट हवं. मुखवट्यामागचा माणूस दिसत राहिला तरच भीतीची गोडी लागते.

‘इल्सा, शी वुल्फ ऑफ द एसएस’ (१९७५) ही अट धाब्यावर बसवतो. ‘होगन्स हीरोज’ या विनोदी मालिकेच्या उरलेल्या सेटवर इल्साच्या भूमिकेतल्या डायन थॉर्नला नाझी गणवेशात उभं केलं आणि छळछावणीचाच तमाशा मांडला. तिथल्या खऱ्या बळींनी कसलाही करार केला नव्हता. शेवटी मारली गेलेली इल्सा पुढच्या भागांत खुशाल जिवंत होते, इतकी ती खपली. त्याच वर्षी लेखिका सुझन सोंटागने फॅसिझमच्या या मोहिनीवर लिहिलं, ते आजही लागू पडतं.

‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ (२०१५) दुसऱ्या टोकाला घसरतो. टेबलाच्या दोन बाजूंना बसून कराराची कलमं खोडण्याचा प्रसंग फर्मास आहे. पण नायकाच्या क्रौर्याला बालपणीच्या जखमेचं कारण चिकटवलं आणि खलनायकाचा रुग्ण झाला. रुग्णाची कीव येते, धाक वाटत नाही.

हालिना रेनच्या ‘बेबीगर्ल’मध्ये (२०२४) इंटर्न असलेला सॅम्युएल बारमध्ये कंपनीच्या प्रमुख बाईंसाठी दुधाचा ग्लास पाठवतो. त्या तो सगळ्यांदेखत एका दमात रिकामा करतात. नंतर हॉटेलच्या खोलीत त्यांना हुकूम सोडताना मात्र त्याला स्वतःचंच हसू फुटतं. सॅम्युएल साकारणाऱ्या हॅरिस डिकिन्सनने ते हसू दाबलेलं नाही, आणि त्यामुळेच त्याचा पुढचा हुकूम जास्त जरबेचा वाटतो.