राजापेठच्या पुलाखाली कोण बसतं?

लँडस्केप आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलामुलींचं काम आपल्याकडे दोनदाच पाहिलं जातं. एकदा ज्युरीच्या दिवशी वर्गाच्या भिंतीवर, आणि नंतर इन्स्टाग्रामवर, बोटाने वर सरकवता सरकवता. पहिल्यावहिल्या कवितासंग्रहाचंही कुठेतरी परीक्षण येतं. या शीट्सचं येत नाही. पण शहर कसं असावं, त्यात कुणी कुठे बसावं, याबद्दल त्या काही म्हणत असतात. आणि जिथे म्हणणं आहे, तिथे वाद घालता आला पाहिजे. म्हणून हे परीक्षण.

पोर्टफोलिओ राजापेठेत वाढलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती आता पुण्यात एम.आर्क. करते. तिच्याच सांगण्यावरून नाव देत नाही. यात वेगवेगळ्या वर्षांचे तीन प्रकल्प आहेत आणि तिन्ही अमरावतीतल्या सार्वजनिक जागांवर: राजापेठचा उड्डाणपूल, अंबा नाला आणि सायन्सकोर मैदान.

आधी एका शब्दाबद्दल. अमरावतीत 'ओपन स्पेस' हा आर्किटेक्टचा शब्द नाही, घरोघरीचा आहे. 'ओपन स्पेसला लागून प्लॉट' म्हटलं की भाव वाढतो. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट पाडताना 10 टक्के जागा मोकळी सोडा, असं राज्याची 2020 ची विकास नियमावली सांगते. त्या तुकड्याला आधी तारेचं कुंपण येतं, मग एखादं मंदिर किंवा सभागृह, मग ग्रीन जिम. आराखड्यातल्या मोठ्या आरक्षणांचंही तसंच. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 नुसार, बगीच्यासाठी राखलेली जमीन 10 वर्षांत घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षणच संपतं. कागदावर मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा. कुणीतरी येऊन भरण्याची वाट पाहणारी. हे तिन्ही प्रकल्प मी एकाच प्रश्नाने वाचले: हिला ती जागा मोकळी दिसते की रिकामी?

पहिल्या प्रकल्पात ती रिकामी दिसते. बी.आर्क.च्या तिसऱ्या वर्षी केलेलं हे काम, नाव 'राजापेठ अर्बन प्लाझा'. उड्डाणपुलाखाली ग्रॅनाइटची फरशी, कारंजं, गोल पायऱ्यांचं अ‍ॅम्फीथिएटर, खांबांवर चित्रं, कडेला बॉटल पाम. रेंडरमध्ये एक मुलगा स्केटबोर्डवर, एक बाई लांब कोट घालून कुत्रा फिरवते आहे. राजापेठ बसस्थानकाच्या परिसरात एवढा लांब कोट घालून मे महिन्यात कुणी फिरलं तर लोक आधी पाणी देतील, मग ऑटोत बसवून दवाखान्यात नेतील.

पण माणसं सॉफ्टवेअरमधून आयती येतात, हा दोष लहान. मोठा दोष सावलीचा आहे. रेंडरमध्ये पामची लांब, मऊ सावली फरशीवर पसरली आहे. अमरावती साधारण 21 अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडातच मावते. तेव्हा बॉटल पामखाली फार तर एक चप्पल सावलीत राहील. चौकातली सगळ्यात मोठी सावली आधीच बांधलेली आहे आणि ती पुलाची आहे. दुपारी ऑटोवाले तिथे गाडी लावतात, फळांच्या गाड्या तिथे सरकतात, बसची वाट पाहणारी म्हातारी माणसं पिशवी टेकून तिथेच बसतात. 'बसा नं भाऊ' म्हणायला तिथे बाकसुद्धा लागत नाही. तिच्या शीटवर यातलं कुणीच नाही. प्लाझासाठी जागा करताना तिने प्लाझाच पुसून टाकला.

याच पुलावर 2022 च्या जानेवारीत परवानगीविना शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला गेला, महापालिकेने तो काढला, आणि शहर ढवळून निघालं. पुलाच्या वर कुणी उभं राहायचं यावर शहर भांडलं. खाली कोण बसतं यावर कुणी बोललं नाही. निदान विद्यार्थ्याच्या शीटने तरी बोलायला हवं होतं.

दुसरा प्रकल्प अंबा नाल्याचा, आणि इथे तिचा हात बदललेला दिसतो. नदीकाठ म्हटलं की हल्ली सगळ्यांच्या डोळ्यांपुढे अहमदाबादचं साबरमती रिव्हरफ्रंट येतं: सरळ काँक्रीटच्या भिंती, वर फिरायला रुंद पट्टा. तिने तो मोह टाळला. तिचं सगळ्यात चांगलं चित्र म्हणजे नाल्याचा आडवा छेद, एकाच शीटवर दोनदा काढलेला. एकदा एप्रिलचा, तळाशी सांडपाण्याची बारीक धार. एकदा ऑगस्टचा, पाणी काठाला. मधल्या उतारावर दोन टप्पे. खालचा टप्पा पावसाळ्यात बुडणार हे गृहीत धरून तिथे वाळा आणि करंज. कूलरच्या ताटव्यामुळे वाळ्याचा वास वऱ्हाडात घराघरात ओळखीचा. तो मातीही धरून ठेवतो हे इथे कामाला आलं. लॉन कुठेच नाही. जे शहर अप्पर वर्धाच्या पाण्यावर जगतं, तिथे लॉन न काढणं हासुद्धा एक विचार आहे.

तरी एक जागा खटकते. काठावरची घरं तिने राखाडी ठोकळे म्हणून दाखवली आहेत, वर 'एक्झिस्टिंग' असं लिहून. दोन टप्प्यांसाठी लागणारी रुंदी त्यातल्या काही ठोकळ्यांवरून जाते. कोण उठणार, कुठे जाणार, याचं उत्तर शीटवर नाही. स्कॉटिश नगरनियोजक पॅट्रिक गेडीस यांनी 1918 साली इंदूर दरबारासाठी मोठा अहवाल लिहिला. भारतातल्या शहरांत गल्लीगल्ली पायी फिरून त्यांनी एक पद्धत मांडली: सरसकट पाडापाडी न करता, गरज असेल तिथेच लहान छेद घ्यायचा. सर्जन जसा अवयव वाचवतो, तसं. एप्रिल आणि ऑगस्टचं पाणी इतकं बारकाईने पाहणाऱ्या मुलीने त्या ठोकळ्यांची दारं कुठे उघडतात हेही पाहायला हवं होतं.

तिसरा प्रकल्प एम.आर्क.चा, सायन्सकोर मैदानाचा. यात 'डिझाइन' जवळजवळ नाहीच. ज्युरीत तिला हेच विचारलं गेलं, असं ती सांगते: अगं, यात तू केलंस काय? माझ्या मते पोर्टफोलिओतलं सर्वोत्तम काम हेच.

मुख्य शीटवर नकाशा लहान आहे आणि 24 तासांचा तक्ता मोठा. पहाटे पाचला पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. सकाळी टेनिस बॉलचं क्रिकेट, एकात एक मिसळलेले चार सामने. दुपारी बारा ते चार मैदान ओस, पण कडेच्या झाडांखाली माणसं. संध्याकाळी कुटुंबं. रात्री कधी सभा, कधी प्रदर्शन. प्रत्येक तासापुढे सावली कुठे आहे ते काढलं आहे, आणि बाया किती, पुरुष किती, हे ठिपक्यांनी. दुपारच्या रांगेत बायांचा ठिपका जवळजवळ नाही. अमेरिकेत विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून लोक कुठे बसतात ते मोजलं; 1980 च्या त्यांच्या पुस्तकातला निष्कर्ष हसू येईल इतका साधा होता: जिथे बसायला जागा असते, तिथे लोक बसतात. पण ते मोजल्यामुळेच तिथले बांधकामाचे नियम बदलता आले. हा तक्ता त्याच जातीचा आहे.

मग तिचा प्रस्ताव येतो, चार ओळींचा. कडेने कडुनिंब आणि शिरीषाची दुहेरी रांग. झाडांना धरून गुडघ्याएवढा ओटा. पाण्याचा नळ. बायांसाठी स्वच्छतागृह, दिवा असलेल्या बाजूला. मध्यभागी काही नाही. 'काही नाही' हे तिने नकाशावर अक्षरात लिहिलं आहे. 'मोकळं' आणि 'रिकामं' यांतला फरक तिला इथे कळलेला आहे.

उणीव आहे ती व्यवस्थेची. 2024 च्या लोकसभा प्रचारात हेच मैदान कुणाच्या सभेला द्यायचं यावरून जाहीर वाद पेटला होता. मैदान मोकळं राहतं ते झाडांमुळे नाही, तारखांच्या वहीमुळे. सभेच्या दिवशी भरतीची मुलं कुठे धावणार? मंडपाचे खड्डे कोण बुजवणार? स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे? लँडस्केपच्या शीटवर झाडाचं शास्त्रीय नाव असतं, किल्ली सांभाळणाऱ्याचा हुद्दा नसतो. आपल्याकडच्या कितीतरी बागा मरतात त्या नेमक्या इथे. कुलूप लागतं आणि मग कुणीच येत नाही.

तरीही हा तक्ता कॉलेजच्या कपाटात पडून राहू नये. उद्या कुणी या मैदानाच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव आणला, तर 'ही जागा तशीही रिकामीच आहे' या वाक्याला उत्तर द्यायला शहराकडे काय असेल? पहाटे पाचला धावणारी मुलगी निवेदन घेऊन महापालिकेत जाणार नाही. तिचा ठिपका मात्र या शीटवर आहे.

तिने पुढचं काम कुठलं घ्यावं असं कुणी विचारलं, तर मी राजापेठ सांगेन. कारंजं आणि पाम काढून टाकावेत, पुलाची दुपारची सावली तासातासाने आखावी, आणि त्या सावलीत आधीच बसलेल्यांपासून सुरुवात करावी.