डोळ्यांवर पट्टी, तोंडात प्रश्न

साल्वादोर दाली येतो, फळ्यावर ऐसपैस सही ठोकतो आणि खुर्चीत बसतो. टाळ्या थांबायचं नाव घेत नाहीत. समोरच्या टेबलामागे चार प्रतिष्ठित माणसं डोळ्यांवर पट्ट्या बांधून बसली आहेत. आलेला माणूस कोण, हे त्यांनी ओळखायचं आणि त्याने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. दालीला ‘नाही’ म्हणणं जमतच नाही. लेखन करता? हो. खेळांशी काही संबंध? हो. नायक म्हणून ओळखले जाता? त्यालाही हो! आता सूत्रसंचालक जॉन डेलीला मध्ये पडावंच लागतं. प्रश्न ज्या अर्थाने विचारलाय त्या अर्थाने नाही, असं तो अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगतो. शेवटी गाडी मिशांवर येते आणि उलगडा होतो.

जानेवारी 1957 मधल्या ‘व्हॉट्स माय लाइन?’चा हा तुकडा यूट्यूबवर आहे. मजा आणतो तो अर्थातच दाली. पण ती टिकते डेलीमुळे. समोर एक विक्षिप्त चित्रकार नियमांची खिल्ली उडवतोय आणि हा गृहस्थ नियम सांभाळतोय, जणू कोर्टात साक्ष चालू आहे. डेली मुळात वार्ताहर. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी सीबीएस रेडिओवरून त्याने दिली होती. त्याच आवाजात तो पाहुण्याच्या ‘हो’चं लांबलचक स्पष्टीकरण देतो, वाक्यात वाक्य अडकवत जातो, आणि ऐकणाऱ्याला आधीपेक्षा कमी कळतं. ही गंमत तो हसून दाखवत नाही, आणि बसवलेली असावी असंही वाटत नाही.

खेळ तसा साधा. फेब्रुवारी 1950 मध्ये सीबीएसवर सुरू झाला आणि सप्टेंबर 1967 पर्यंत चालला. निर्माते मार्क गुडसन आणि बिल टॉडमन. एखादा सामान्य माणूस यायचा, त्याचा व्यवसाय प्रेक्षकांना पडद्यावर दिसायचा आणि पॅनेलने प्रश्न विचारत तो शोधायचा. पट्ट्या दालीसारख्या प्रसिद्ध पाहुण्यापुरत्या. ‘हो’ आलं की त्याच सदस्याने पुढे विचारायचं, ‘नाही’ आलं की पाळी पुढच्याकडे. प्रत्येक ‘नाही’मागे पाहुण्याला पाच डॉलर, दहा ‘नाही’ झाले की खेळ खलास. म्हणजे जास्तीत जास्त पन्नास डॉलर!

या क्षुल्लक रकमेकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. माझ्या मते सगळी किल्ली तिथेच आहे. 1958 च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या बक्षिसांच्या प्रश्नमंजूषांचं बिंग फुटलं, स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवली जात होती. त्या वादळात तसले कार्यक्रम धडाधड बंद पडले. ‘व्हॉट्स माय लाइन?’ चालूच राहिला. पन्नास डॉलरसाठी कोण कोणाला फसवणार? ‘करोडपती’च्या खुर्चीत घाम फुटतो तो पैशामुळे. इथे घाम फुटतो तो चारचौघांत अडाणी दिसू या भीतीने. आणि ती भीती वाटते नामवंतांनाच.

पॅनेल बघा. वृत्तपत्रात स्तंभ लिहिणारी डोरोथी किलगॅलन जिंकण्यासाठीच बसलेली, एकेक शक्यता वकिलासारखी खोडत जाणारी. रँडम हाउसचा प्रकाशक बेनेट सर्फ, ज्याला कोटी केल्याशिवाय चैन पडत नाही. आणि अभिनेत्री अर्लीन फ्रान्सिस, गळ्यात बदामाच्या आकाराचं हिऱ्यांचं पदक, हरली तरी मनापासून हसणारी. पुरुष टाय-सूटमध्ये कडक, बायका संध्याकाळच्या झग्यांत. इतक्या नटूनथटून आलेल्या माणसांनी आंधळी कोशिंबीर खेळावी यातच निम्मा विनोद आहे. त्याच पॅनेलवरच्या स्टीव्ह ॲलनने एका वस्तूबद्दल ‘ती पावाच्या डब्यापेक्षा मोठी आहे का?’ असं विचारलं आणि तो प्रश्न अमेरिकेत कायमचा रुजला. यांपैकी कोणीही स्वतःच्या नव्या पुस्तकाची किंवा नाटकाची जाहिरात करायला बसलेलं दिसत नाही. (सर्फ अधूनमधून करायचाच, पण ते त्याला माफ.) ती खेळायला बसलीत.

आज हे चालेल का? एक अडचण खरी आहे. पट्टी बांधून ओळखायचा पाहुणा सगळ्यांच्याच ओळखीचा असावा लागतो. त्या काळी मोजक्या वाहिन्या असलेल्या देशात तसे पाहुणे दर रविवारी रात्री मिळायचे. आता कोट्यवधी चाहते असलेला एखादा यूट्यूबर शेजारच्या पिढीला पट्टी काढूनही ओळखू येत नाही. तसं हे आधीही घडलंय. 1970 च्या दशकात याच खेळाच्या पुढच्या आवृत्तीत जॉर्जियाचा गव्हर्नर आला होता. पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या नव्हत्या, तरी त्यांना तो चेहरा ओळखू आला नाही. त्याचं नाव जिमी कार्टर. 1976 मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला.

अशा पॅनेल-खेळांच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न झाले. एबीसीने 2016 मध्ये ॲलेक बाल्डविनला घेऊन ‘मॅच गेम’ आणला, काही वर्षं तो चाललाही. पण मला तिथे नट स्वतःच्या विनोदावर खूश झालेले दिसतात आणि खेळ मागे पडतो. ‘द मास्क्ड सिंगर’ या गाण्याच्या कार्यक्रमाने पट्टी पॅनेलच्या डोळ्यांवरून काढून पाहुण्याच्या अंगावर चढवली. युक्ती चतुर आहे, पण झगमगाट एवढा की प्रश्नाला जागाच उरत नाही.

जुन्या खेळाचा खरा वारस मला बीबीसीच्या ‘वुड आय लाय टू यू?’मध्ये दिसतो. 2007 पासून चालू आहे. पाहुणा स्वतःबद्दल काहीतरी सांगतो, ते खरं की थाप हे समोरच्या संघाने ठरवायचं. विनोदी नट बॉब मॉर्टिमर एकदा निर्विकारपणे म्हणाला, मी माझ्या दातांची दुरुस्ती स्वतःच करतो. समोरच्यांनी साहित्य कुठून आणतोस, भरतोस कसं, असं खोदून खोदून विचारलं आणि त्याने प्रत्येक प्रश्नाला शांतपणे तपशीलवार उत्तर दिलं. समोरच्या संघातला डेव्हिड मिचेल तर्काची विटेवर वीट रचत होता, आणि मॉर्टिमरच्या प्रत्येक उत्तराने ती भिंत थोडी कलत होती. अखेर ते खरं निघालं. मिळालं काय, तर एक गुण, आणि तो कोणाच्या लक्षातही राहत नाही.