साधनवर्णनाचे गद्य

बखरी, पत्रे, प्रवासवर्णने ह्यांचा गद्य म्हणून विचार करण्याची आपल्याला सवय आहे. परंतु २०२३ पासून ज्याला विशेष महत्त्व आले आहे, असा एक गद्यप्रकार आपल्या समीक्षेच्या वाटेवर फारसा येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे 'एजंट' माणसाची कामे परस्पर पार पाडतात, त्यांच्या हाती काही साधने दिलेली असतात. एखादे साधन पुस्तक शोधते, एखादे पत्र पाठवते, एखादे नोंद पुसून टाकते. एजंटाला साधनाचे पोट दिसत नाही. दिसते ते त्याचे नाव, त्याखालचे चार ओळींचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची ह्याची यादी. कोणते हत्यार केव्हा उचलावे, हे तो तेवढ्यावरून ठरवतो. हे वर्णन लिहिणे मी गद्यलेखनच मानतो, आणि तेही कठीण.

कठीण अशासाठी, की येथील वाचक घरचा नाही. शेजारीणबाईंनी 'अंदाजाने मीठ घाला' म्हटले तर चालते. कारण 'म्हणजे किती हो?' असे आपण विचारू शकतो. कमलाबाई ओगले ह्यांनी 'रुचिरा'त (१९७०) वाटी-चमच्याचे माप धरले, त्याचा जवळ विचारायला कोणी नसलेल्या नवख्या हातांना केवढा आधार झाला! एजंट हाही असाच नवखा. फरक एवढाच, की तो गोंधळला तरी पुष्कळदा गोंधळलेला दिसत नाही.

एक काल्पनिक नमुना घेऊ. एका ग्रंथालयाने एजंटाला साधन दिले. त्याचे नाव 'खाते बंद'. वर्णन, 'सभासदाचे खाते बंद करते.' वाक्य शुद्ध आहे, सुटसुटीत आहे. शाळेत पूर्ण गुण मिळावेत. पण ग्रंथपालबाईंच्या बोलण्यात 'खाते बंद' म्हणजे पुस्तक परत आले, हिशेब मिटला. आणि वर्णन लिहिणाऱ्या तंत्रज्ञाच्या मनात त्याचा अर्थ सभासदत्वच रद्द. एखादे आजोबा संध्याकाळी कळवतात, 'पुस्तक पोहोचवले आहे, माझे खाते बंद करा.' एजंट आज्ञाधारकपणे त्यांचे चाळीस वर्षांचे सभासदत्व पुसतो आणि 'काम झाले' असे नम्रपणे सांगतो. येथे खोटे कोणीच बोलले नाही. लेखकाने, स्वतःला जे ठाऊक आहे ते वाचकालाही ठाऊक असणारच, असे धरले.

आता हेच वर्णन असे लिहिले तर? 'सभासदत्व कायमचे रद्द करते. पुस्तक परत आल्याची नोंद करण्यासाठी हे वापरू नये. त्यासाठी "परतनोंद" हे साधन आहे. रद्द केलेले सभासदत्व पुन्हा सुरू होत नाही, म्हणून आधी सभासदाची स्पष्ट संमती घ्यावी. सभासदाचे नाव नव्हे, क्रमांक द्यावा.' (एका पेठेत एकाच नावाचे तीन कुलकर्णी सहज निघतात!) ह्यातील सर्वांत मोलाचे वाक्य दुसरे. साधन काय करते हे कोणीही लिहील. ते कशासाठी नाही, हे लिहायला वाचकाच्या पाटावर जाऊन बसावे लागते.

शब्दांनी एवढा फरक पडतो काय, अशी शंका कोणी घेईल. अँथ्रॉपिक ह्या कंपनीने २०२५ मध्ये आपलाच एक अनुभव प्रसिद्ध केला. त्यांचा 'क्लॉड' माहिती शोधताना शोधशब्दांना गरज नसताना '२०२५' हे वर्ष जोडू लागला आणि हाती येणारी माहिती एका बाजूला झुकू लागली. उपाय काय केला, तर साधनाचे वर्णन सुधारले. संपादकाच्या लाल पेन्सिलीला इतका रोकडा मान क्वचितच मिळाला असेल.

अर्थात पाल्हाळही दोषच. ही वर्णने साधारणतः काम सुरू होण्यापूर्वीच एजंटापुढे मांडलेली असतात, आणि एका वेळी ध्यानात ठेवण्याची त्याची जागा मोजकी असते. तरीही तोकडेपणा मला अधिक घातक वाटतो. 'प्रभावी', 'सर्वसमावेशक' असली विशेषणे मात्र निर्दयपणे कापावीत. वधूवरांच्या जाहिरातींतल्या 'सुस्वभावी'इतकाच त्यांचा उपयोग.

यंत्रे अधिक हुशार होतील, मग हा खटाटोप कशाला, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. मला तो पटत नाही. त्या ग्रंथालयात 'खाते' ह्या शब्दाला कोणता अर्थ चिकटला आहे, हे बुद्धीने ओळखण्याचे ज्ञानच नव्हे. ते त्या घरात वावरूनच मिळते. आज ही वर्णने बहुधा तंत्रज्ञ लिहितात आणि तंत्रज्ञच तपासतात. आपल्या नमुन्यातील वर्णन कोणी ग्रंथपालबाईंना नुसते वाचून दाखवले असते, तरी त्यांनी पहिल्याच शब्दावर बोट ठेवले असते.