राखून ठेवलेला डाव

आजचा विषय कळल्यावर काहींनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं तालमीत काय काम? काम आहे. जिथे दुसऱ्याला जमिनीवर आदळायचं कसब शिकवतात, तिथे शिकवणाऱ्याची सचोटी कमी पडली तर हाडं मोडतात, आयुष्यंही मोडतात. म्हणून लढण्याची विद्या शिकवणारी संस्था सचोटीने चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं, एवढाच प्रश्न आज आपण घेऊ.

सुरुवात आपल्या नगरपासून करू. २ फेब्रुवारी २०२५, ६७वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा. गादी विभागाच्या लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळ यांच्या बाजूने चितपटीचा निकाल दिला. शिवराज राक्षे यांचं म्हणणं, पाठ पूर्ण टेकलीच नव्हती. हुज्जत वाढली आणि त्यांनी पंचांना लाथ मारली. पुढे अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड निर्णयावर नाराज होऊन मैदान सोडून गेले. दोघांवरही तीन वर्षांची बंदी आली.

त्यानंतर आपण कशावर बोलत राहिलो? पाठ टेकली होती की नव्हती, यावर. मोबाइलवर तो क्षण थांबवून थांबवून पाहिला. प्रश्न रास्तच होता. निकाल पुन्हा तपासून मागण्याची सोय मल्लाला असलीच पाहिजे. पण दुसरा प्रश्न बाजूलाच राहिला: पंच चुकला असं वाटेल त्या दिवशी काय करायचं, हे आपल्याकडे कुठे शिकवतात का? आपला रोख कोणा एका मल्लावर किंवा तालमीवर नाही. जोर, बैठका, ढाक, धोबीपछाड यांचा रियाज वर्षानुवर्षं होतो. अन्याय झाल्यासारखं वाटतं तेव्हा हात आवरायचा रियाज कुठे होतो?

आता एका म्हणीकडे वळू. 'वस्ताद एक डाव राखून ठेवतो.' राजकारणाच्या बातम्यांत तर ती उठता-बसता येते, आणि आपण ती कौतुकानेच म्हणतो. तिच्यामागची गोष्ट फार जुनी आहे. शेख सादीने १२५८ साली लिहिलेल्या 'गुलिस्ताँ'मध्ये ती सापडते. एका वस्तादाला ३६० डाव येत होते. लाडक्या शिष्याला त्याने ३५९ शिकवले, एक शिकवायचं टाळत राहिला. पुढे शिष्य राजासमोर फुशारकी मारू लागला, की कसबात आपण गुरूच्या बरोबरीचे आहोत. राजाने कुस्ती लावली. वस्तादाने तो उरलेला डाव टाकला आणि शिष्याला आपटलं. राजाने वस्तादाला बक्षीस दिलं, शिष्याची कानउघाडणी केली.

सादीचा कल उघड आहे. शिष्य कृतघ्न, गुरू दूरदर्शी. आपणही शिष्यालाच हसतो. पण गोष्ट गुरूच्या बाजूने नाही, विद्येच्या बाजूने वाचून बघा. प्रत्येक वस्तादाने एकेक डाव राखला तर दहा पिढ्यांत ३६०चे ३५० उरतात. गुरू जिंकला, पण विद्या उणी झाली. आणि ज्याने पहिल्या दिवसापासून शिष्याला उद्याचा वैरी धरलं, त्याने त्याला नेमकं काय शिकवलं? शिष्याचा उद्धटपणा आपल्याला दिसतो. त्या उद्धटपणाला गुरूच्या अविश्वासाचं खतपाणी मिळालं असेल का, हे सादी विचारत नाही.

इथे कोणी म्हणेल, कोवळ्या पोराला मान मोडणारा डाव लगेच शिकवायचा का? मुळीच नाही. पण थांबवणं वेगळं आणि लपवणं वेगळं. फरक ओळखायला इमान्युएल कांटची एक कसोटी कामाला येते. १७९५ साली 'शाश्वत शांती'वरच्या निबंधात त्याने म्हटलं की इतरांच्या हक्कांशी संबंध असलेलं जे धोरण उघड करताच कोलमडतं, ते अन्यायाचं असतं. कांट राज्यांबद्दल बोलत होता. आपण ही कसोटी आखाड्यात आणू. 'बाळ, तुझी मान अजून तयार नाही, दोन वर्षं थांब', हे वस्ताद शिष्याच्या तोंडावर म्हणू शकतो. 'तू मला डोईजड होशील म्हणून शिकवत नाही', हे म्हणू शकत नाही. जे तोंडावर सांगता येत नाही, तोच राखलेला डाव.

या अर्थाने पाहिलं तर आज राखले जाणारे डाव कुस्तीचे नाहीतच. शेतकरी बाप दूध, तूप, बदामाच्या खुराकासाठी कर्ज काढतो. तुमचा मुलगा मेहनती आहे, पण केसरीच्या गदेपर्यंत पोचणार नाही, हे त्याला वेळेवर सांगितलं जातं का? शहरातल्या कराटे वर्गात परीक्षेची फी भरली की पट्ट्याचा रंग बदलतो. त्या पट्ट्याने रस्त्यावर स्वतःचा बचाव होईलच असं नाही, हे मुलीला कोणी सांगतं का? आणि किताबाचं काय? नगरच्या स्पर्धेनंतर मार्चअखेर याच जिल्ह्यात, कर्जतला, दुसऱ्या संघटनेची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. एकाच नावाच्या दोन गदा. संघटनांचं भांडण पोरांनी का वाहायचं?

यावर उत्तर म्हणून आपल्याकडे त्यागाच्या कथा सांगतात. खाशाबा जाधवांना १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. माणूस मोठाच. पण ही कथा नीट ऐकली तर ती तक्रारही आहे. एका मल्लाला पाठवायला प्राचार्याला घर गहाण का टाकावं लागलं? चांगल्या माणसाच्या भरवशावर संस्था चालते तेव्हा तो माणूस गेला की काय उरतं?

म्हणून सचोटी ही वस्तादाच्या स्वभावावर सोडून चालणार नाही. ती तालमीच्या दाराशी लिहून लावलेली दिसली पाहिजे. फी किती, खुराकाचा हिशेब कोण पाहतो, दुखापत झाली तर खर्च कोणाचा. आणि सर्वांत वर, तक्रार कोणाकडे करायची: तालमीच्या बाहेरच्या माणसाचं नाव. २०२३च्या जानेवारीत देशाच्या नामवंत महिला मल्लांना महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करण्यासाठी दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. मुली आखाड्यात उतरल्या आहेत. घरातली गोष्ट घरात ठेवा, हा राखलेला डाव आता तरी सोडून द्यायला हवा.

वस्तादाचा मान याने कमी होईल, अशी भीती काहींना वाटते. आम्हाला तसं वाटत नाही. कुस्तीआधी मल्ल मातीला हात लावून कपाळाला लावतो. त्या मातीत शिष्य, वस्ताद आणि पंच तिघंही उभे असतात. तालीम कोणती निवडावी असं कोणी पालकाने विचारलं, तर भिंतीवरच्या ढाली मोजू नका, एवढंच सांगू. एखादा मुलगा हरून परत येतो त्या संध्याकाळी जाऊन बसा आणि वस्ताद त्याच्याशी काय बोलतो ते ऐका.